डोंग्याची रात्र

नागपूरच्या फुटाळा तलावावरचा एक वाद ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपला. तलावात संगीत कारंजं बसलेलं, काठावर प्रेक्षकांसाठी गॅलरी झालेली, आणि पाण्यावर तरंगतं उपाहारगृह नि एक कृत्रिम वडाचं झाड उभं करायचा बेत. शहरातल्या स्वच्छ असोसिएशन या संस्थेने याला हरकत घेतली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जे म्हटलं होतं तेच दिल्लीत कायम झालं : २०१७ च्या नियमांच्या अर्थाने फुटाळा ही ‘पाणथळ जागा’ नव्हे. त्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत, आणि फुटाळा हा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी भोसल्यांच्या राजवटीत बांधलेला तलाव.

तलाव खरा, पण हाताने बांधलेला. म्हणून त्या नियमांपुरता तो तलाव नाही. हा न्याय लावला तर नागपुरात तलाव म्हणून उरेल असं पाणी शोधावं लागेल. अंबाझरी बांधलेला, गोरेवाडा बांधलेला, गांधीसागर बांधलेला, रामटेकचा खिंडसीही बांधलेलाच.

या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न कडेला राहिला. पाण्यावर तरंगणारी वस्तू, मग ती उपाहारगृह असो की ढिवराचा डोंगा, रात्रंदिवस एका जागी बांधून ठेवायची असेल तर विचारायचं कुणाला? चालत्या नावेबद्दल कायदे आहेत. नावेत बसणाऱ्यांकडून घ्यायच्या पैशांबद्दल तर भरपूर आहेत. उभ्या नावेबद्दल, त्यातही सूर्य मावळल्यानंतर उभ्या राहिलेल्या नावेबद्दल, गेल्या तीनशे वर्षांत या भागातल्या एकाही राजवटीने सरळ काही लिहून ठेवलेलं दिसत नाही. प्रत्येक राजवटीला तलावातून काही ना काही हवं होतं. कुणाला पाणी, कुणाला धान, कुणाला महसूल, कुणाला वाघ. नियम त्या-त्या गरजेपुरते झाले.

सुरुवात गोंड राजांपासून. देवगडच्या बख्त बुलंद शाहने १८ व्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवलं. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानने तटबंदी घातली, राजधानी इथे आणली आणि नाग नदीकडे जाणारं पाणी अडवून जुम्मा तलाव केला. तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर. शहराला पाणी आणि कोटाला संरक्षण, असा दुहेरी हिशेब. रघूजी भोसल्यांनी १७४३ मध्ये नागपुरात बस्तान बसवलं आणि पुढच्या शंभर वर्षांत बागा व तलाव वाढत गेले : तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव. मुंबई-कोकणातलं बंदर ही जी संस्था, म्हणजे नाव लागते, माल उतरतो, नाखवा रात्रभर थांबतो, पहाटे भरतीला निघतो, ती इथे कधी नव्हतीच. इथलं पाणी कुठे जात नाही. चारी बाजूंनी पाळ, एका टोकाला सांडवा. एका काठाहून दुसऱ्या काठाला जायला चालत फेरी मारणं बहुधा जास्त सोपं. अशा पाण्यावर नाव ही वाहतुकीची वस्तू नसते. ती मासे धरायला नि शिंगाडे काढायला लागते.

शिंगाड्यांचा उल्लेख उगीच नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात ढीमर, म्हणजेच ढिवर, समाजाची कामं सांगितली आहेत : मासेमारी, पाणी भरणं, पालखी वाहणं आणि तलावात शिंगाड्याची शेती. म्हणजे एकाच समाजाच्या हातात पाण्याचा पृष्ठभाग होता. तळाची गाळपेर दुसऱ्याची, पाळीखालचं धान तिसऱ्याचं, पाळ मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. वरची पाण्याची चादर मात्र ढिवरांची. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे, कोहळी समाजाने बांधलेले नि नंतर मालगुजारांकडे आलेले असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. ‘मामा तलाव’ या लाडक्या नावाचा मामाशी काही संबंध नाही. माजी मालगुजारी या सरकारी शब्दांचा तो संक्षेप.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. नव्या सरकारने तलावांकडे पाहिलं ते इंजिनिअरच्या डोळ्यांनी. अंबाझरीचा तलाव १८७० च्या सुमारास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तयार झाला आणि या कामावर होता अलेक्झांडर बिनी नावाचा तरुण इंजिनिअर. पावसाचं किती पाणी तलावात येतं, हे त्याने १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या पाणलोटात मोजलं. किती पाऊस पडला की त्यातला किती टक्का वाहून येतो, याचे त्याचे आकडे भारतातल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ‘बिनीची टक्केवारी’ म्हणून आजही भेटतात. हाच बिनी पुढे लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला. थेम्सखालून जाणारा, १८९७ मध्ये खुला झालेला ब्लॅकवॉल बोगदा त्याचा. नागपूरकरांनी या माणसाची आठवण थोडी जास्त ठेवायला हरकत नव्हती.

बिनीच्या नजरेतून अंबाझरी म्हणजे एक मापन-पात्र. किती आलं, किती उडून गेलं, किती नळाने शहरात गेलं. त्या हिशेबात नावेला रकाना नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. प्यायच्या पाण्यावर माणसाने जाऊ नये ही त्या काळची साधी समज. पुढे १९१२ मध्ये गोरेवाडा बांधला गेला, नंतर कन्हानचं पाणी आलं, आणि अंबाझरी पिण्याच्या पाण्यातून हळूहळू मोकळा झाला. १९३६ च्या कायद्याने जन्माला आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासने १९५८ मध्ये काठावर बाग केली. बाग आली तशी हौशी नाव आली. ताशी भाड्याची, वल्ह्याची, मग पायाने मारायची.

या हौशी नावेमुळे रात्रीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. बागेची वेळ संपली की नावेची वेळ संपते. फाटक बंद, नावा धक्क्याला साखळीने एकीला एक जोडलेल्या, वर कुलूप. पाण्याचा नियम म्हणून जे दिसतं ते खरं तर बागेच्या फाटकाचं वेळापत्रक. बाग प्रन्यासने केलेली, पाणी महापालिकेचं, पाळ सुरक्षित आहे की नाही हे सांगायला सिंचन खातं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरातल्या वस्त्यांत शिरला, तेव्हा पाळीची जबाबदारी नेमकी कुणाची यावर उच्च न्यायालयात ज्या फैरी झडल्या त्या नागपूरकरांनी वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. पाळीची ही गत, तर नावेची काय असणार!

कायद्यात नाव खरी शिरली ती तलावावरून नाही, नदीवरून. १८७८ चा उत्तर हिंदुस्थान फेरी कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. मुंबई इलाख्याला स्वतःचा १८६८ चा वेगळा कायदा होता. नागपूर जिल्ह्यातल्या कन्हानवर, पूर्वेकडे वैनगंगेवर, पावसाळ्यात डोंगे चालत. सरकारने ठरावीक घाट ‘सार्वजनिक फेरी’ म्हणून जाहीर करायचे, उताराचं उत्पन्न लिलावाने ठेक्याला द्यायचं आणि ठेकेदाराच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून त्या घाटापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्याने भाड्याची नाव चालवायची नाही. त्यातही अपवाद ठेवलेले : दोन ठिकाणांमधलं अंतर तीन मैलांहून कमी नसेल तर गोष्ट वेगळी, आणि भाड्याने न चालणाऱ्या नावांना तर हे कलम लागूच नाही.

हा शेवटचा अपवाद महत्त्वाचा. स्वतःच्या जाळ्यासाठी डोंगा बाळगणारा ढिवर यामुळे कायद्याच्या बाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही आणि त्याला काही दिलंही नाही. डोंगा कुठे बांधायचा, रात्री तो कुणी नेला तर दाद कुठे मागायची, काठाची जागा कुणाची, याबद्दल सरकारला कर्तव्य नव्हतं, कारण त्यात पैसा नव्हता. १८६० च्या दंड संहितेत नावेविषयी चार कलमं होती : बेदरकारपणे हाकणं, खोटा दिवा दाखवणं, जुनाट किंवा जास्त भरलेल्या नावेतून भाड्याने माणसं नेणं, आणि जलमार्गात अडथळा करणं. उभ्या नावेला लागू पडेल असं त्यातलं हे शेवटचं, ज्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता. नव्या न्याय संहितेने तो ५,००० रुपयांपर्यंत नेला. पण अडथळा व्हायला आधी मार्ग हवा. मामा तलावात जलमार्ग कुठला शोधायचा?

मग रात्री डोंग्याचं होत काय होतं? जे होतं ते रिवाजाने. लाकडी डोंगा म्हणजे एकाच खोडाचं कोरीव काम किंवा फळ्या जोडून डांबर फासलेला. वैशाखात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात लाकूड काठावर उघडं पडलं तर तडकतं. म्हणून काम नसेल तेव्हा डोंगा उथळ पाण्यात दगड भरून चक्क बुडवून ठेवायचा. चोराला उचलता येत नाही, लाकूड ओलं राहतं, आणि पाहणाऱ्याला तिथे नाव आहे हे कळतही नाही. पत्र्याचा डोंगा आला तसा तो काठावर ओढून पालथा घालायची पद्धत पडली. ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्याचा तर प्रश्नच मिटला. तो आपली नाव हवा काढून घरी नेतो.

आणि रात्र ही मासेमाराची कामाची वेळ. जाळं तिन्हीसांजेला लावायचं, पहाटे उचलायचं, कारण अंधारात माशाला दोरा दिसत नाही. म्हणजे रात्रभर पाण्यात असतं ते जाळं. केरळात आलप्पुळाच्या हाऊसबोटींना संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास थांबावं लागतं, ते पर्यटकांच्या झोपेसाठी नव्हे. त्यानंतर तिथले कोळी जाळी टाकतात, आणि मोठी बोट त्यावरून गेली तर जाळं फाटतं. पाण्याची पाळी ठरलेली : दिवस पाहुण्यांचा, रात्र पोटाची. विदर्भातल्या तलावांवर दिवसाचे पाहुणे फार उशिरा आले, म्हणून ही वाटणी कुणी लिहून ठेवायची वेळच आली नाही.

लिहायची एक जागा मात्र होती. मध्य प्रांतातल्या जमाबंदीत गावोगाव ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद तयार होई. गावात पाण्याची वहिवाट कशी, रस्ता कुठून, सरपण कुणाला, मासे कुणी धरायचे, हे रिवाज त्यात उतरत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १६५ म्हणून तो आजही जिवंत आहे. जिल्हाधिकाऱ्याने गावातला सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा रिवाज नोंदवावा, असं ते कलम सांगतं. आणि लगेच अट घालतं : राज्य सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं वा ताब्यातलं नसेल अशा जमिनीत आणि पाण्यात. आता गंमत पाहा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. ज्या पाण्यावरचे रिवाज नोंदवण्यासाठी तो कागद होता, तेच पाणी कागदाच्या कक्षेबाहेर गेलं. मालगुजाराच्या पाण्यावरची ढिवराची वहिवाट नोंदवता येत होती. लोकशाही सरकारच्या पाण्यावरची येत नाही. त्या जागी मासेमारी सहकारी संस्था आणि तलावाचा ठेका आला. ठेका माशांचा असतो. डोंग्याचा खुंटा त्यात बसत नाही.

कौटिल्याने यापेक्षा बारीक विचार केला होता. अर्थशास्त्रातल्या नावध्यक्षाच्या अधिकारात समुद्र आणि नद्यांबरोबर नैसर्गिक आणि बांधीव अशी दोन्ही सरोवरं स्पष्ट येतात. म्हणजे फुटाळ्याच्या वकिलांना जो फरक इतका महत्त्वाचा वाटला, तो त्याने दोन शब्दांत निकालात काढला होता. अवेळी किंवा ठरलेल्या उताराखेरीज दुसरीकडून पाणी ओलांडणाऱ्याला दंड आहे. लगेच सूट आहे : मासेमार, मोळी नि गवत वाहणारे, फुलाफळांच्या बागा राखणारे, गुराखी, यांना तो दंड नाही. ज्यांचं कामच अवेळी चालतं त्यांना वेळेचा कायदा लावून उपयोग नाही, हे त्या कडक अमात्याला कळत होतं.

जगात इतरत्र या प्रश्नाची उत्तरं निघाली ती नावा फार झाल्यावर. सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन संहितेने नदीकाठाची मालकी शेजारच्या शेतकऱ्याची मानली, पण काठाला नाव लावायचा आणि तिथल्या झाडाला दोर बांधायचा हक्क सगळ्यांचा ठेवला. इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या ब्रॉड्स जलप्रदेशात बऱ्याच सार्वजनिक धक्क्यांवर २४ तास नाव फुकट बांधता येते, मग जागा सोडायची. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत नांगरलेल्या जहाजाने रात्री चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो, पण सात मीटरपेक्षा लहान नाव वाटेत नसेल तर तिला त्यातूनही सूट. ढिवराचा डोंगा सात मीटरांचा क्वचितच.

नागपूर जिल्ह्यात हा प्रश्न खरा पेटला तो तोतलाडोहला.

पेंच नदीवर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर हे धरण १९८० च्या दशकाअखेर उभं राहिलं. १६० मेगावॉट वीज, तिच्यातला दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशचा. मागे सुमारे ७० चौरस किलोमीटरांचा जलाशय, त्यातला मोठा भाग मध्य प्रदेशात. आणि हा जलाशय नेमका दोन राज्यांच्या दोन पेंच राष्ट्रीय उद्यानांच्या मधोमध. महाराष्ट्राने आपल्या बाजूचं उद्यान १९७५ मध्ये जाहीर केलं, मध्य प्रदेशने १९८३ मध्ये. म्हणजे गावं उठली, जंगल राखीव झालं, शेत पाण्याखाली गेलं, आणि ज्यांचं ते होतं त्यांच्यासमोर एकच नवी गोष्ट उरली : माशांनी भरलेलं अफाट पाणी.

मध्य प्रदेशच्या वनखात्याने १९९६ मध्ये पूर्वी उद्यानाच्या क्षेत्रात राहणाऱ्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले. वकिलांच्या एका संस्थेने, ॲनिमल अँड एन्व्हायर्न्मेंट लीगल डिफेन्स फंडने, थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्यांची भीती अवास्तव नव्हती. परवाना ३०५ कुटुंबांना. पण त्यांच्या आडून किती जण शिरतील? मासे वाळवायला, जेवण शिजवायला लाकूड कुठून येईल? जाळ्यात मगरी-कासवं अडकतील, आगी लागतील, पाणपक्षी उठून जातील. दुसऱ्या बाजूला, या कुटुंबांचे हक्क रीतसर तपासून मिटवायचं काम सरकारने वर्षानुवर्षं पुरं केलेलं नव्हतं.

५ मार्च १९९७ चा निकाल न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिला. परवाने रद्द झाले नाहीत. त्यांच्याभोवती कुंपण घातलं गेलं. छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेल्या वाटेने जलाशयाकडे यायचं, उद्यानाच्या इतर भागात पाऊल टाकायचं नाही, काठावर स्वयंपाकासाठी किंवा कशासाठीही विस्तव पेटवायचा नाही, कचरा टाकायचा नाही. लवकरात लवकर हक्कांचा निवाडा करून उद्यानाची अंतिम अधिसूचना काढावी, हेही सरकारला बजावलं गेलं.

हा निकाल पर्यावरण कायद्याच्या वर्गात उपजीविका विरुद्ध अरण्य या मथळ्याखाली शिकवला जातो, आणि ते ठीकच आहे. पण डोंग्याच्या बाजूने वाचला तर तो वेगळाच दिसतो. विस्तव नाही, म्हणजे भात नाही. काठ सोडून आत जायचं नाही, म्हणजे पाठ टेकायला जागा नाही. मधली बेटं उद्यानाचीच. उरलं काय? एक तर दिवस मावळायच्या आत जिथून निघालो तिथे परत, नाहीतर भर पाण्यात उपाशी तरंगत पहाट. रात्री नाव कुठे थांबवायची याचं उत्तर त्या अटींनी आपोआप देऊन टाकलं. पण संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे उचलायचं, आणि मधला पल्ला अशा जलाशयात काही मैलांचा असू शकतो. कौटिल्याने दिलेली सूट इथे उलटी फिरली होती. तीही विनाकारण नव्हे. कौटिल्याच्या काळात वाघ दुर्मीळ नव्हता.

महाराष्ट्राच्या बाजूला परवानेच नव्हते. धरणाच्या कामावर आलेल्या मजुरांची तोतलाडोहला वसाहत झाली, काम संपल्यावर त्यातल्या अनेकांनी जाळी घेतली, आणि वनखात्याच्या लेखी ती सगळी अवैध मासेमारी होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती वस्ती हटवण्यात आली. चकमकी, जप्त जाळी, फोडलेले डोंगे, गस्तीच्या बोटी, हे पुढेही वर्षानुवर्षं चालत राहिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे उद्यानात विनापरवाना प्रवेश हाच गुन्हा. त्यामुळे डोंगा चालता असो की उभा, दिवसा असो की रात्री, फरक पडत नाही. मात्र राज्यांची सीमा पाण्यातून जाते, आणि पाण्यावर चुन्याची रेघ ओढता येत नाही. एकाच्या खिशातलं ओळखपत्र वल्ह्याच्या काही फटक्यांनी कागदाचा तुकडा व्हायचं. वारा सुटला तर वल्हंही लागत नसे.

पेंचची रात्र मात्र आता नोंदणीकृत आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले दिवे खाली झुकवले गेले, वाघोली तलावाजवळ आकाश पाहायची सोय झाली. तलावाकाठच्या अंधाराचे निकष ठरले, मोजमाप झालं, प्रमाणपत्रही आलं. त्याच तलावांच्या पाण्यावर अंधारात काय चालावं आणि काय थांबावं याचे निकष अजून वाट पाहताहेत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पर्यटनाने चित्र पालटलं. रामटेकजवळचा खिंडसी, सूर नदीवर १९१३ मध्ये सिंचनासाठी पुरा झालेला जलाशय, नौकाविहारासाठी प्रसिद्ध झाला. सागरी विमान उतरवायच्या केंद्राच्या यादीतही त्याचं नाव गेलं. पाण्यावर गर्दी वाढली की नियमांची उणीव लपत नाही. ९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मासेमारीच्या डोंग्यातून फिरायला गेलेले तरुण आणि नाव वल्हवणारे मिळून अकरा जण पाण्यात गेले. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. माशांसाठी घडवलेला डोंगा काठावर मोकळा उभा आहे, सहलीला आलेल्यांच्या हातात मोबाईल आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये ना फाटक ना कुलूप ना फलक. तलावाच्या ठेक्यात सहलीचा विषय नाही, पर्यटन खात्याच्या यादीत तो डोंगा नाही.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे तर महापालिकेचा रीतसर ठेका होता. त्याच वर्षी गुजरातने आपले अंतर्गत जलयान नियम आणले.

ते नियम ज्या कायद्याखाली आले तो २०२१ चा अंतर्गत जलयान कायदा महाराष्ट्रालाही लागू आहे. त्याआधीचा १९१७ चा कायदा व्याख्येत ‘तलाव’ हा शब्द असूनही वाफेच्या आणि इंजिनाच्या बोटींपुरता होता; वल्ह्याची नाव त्याला दिसत नव्हती. नव्या कायद्याने प्रथमच यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. अशा नावा ओळखायच्या, त्यांची नोंद ठेवायची, सुरक्षिततेचे किमान निकष लावायचे, आणि हे काम राज्य सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतं. म्हणजे अंबाझरीवरच्या नावेची वही महापालिकेत आणि मामा तलावातल्या डोंग्याची वही ग्रामपंचायतीत. पूर्व विदर्भातल्या ग्रामपंचायतीने ती वही उघडायची ठरवली तर पहिली अडचण रकान्यांचीच येईल. नाव कुठे ठेवली जाते, या रकान्यात ग्रामपंचायत अधिकारी काय लिहील? उन्हाळ्यात पाण्याखाली, पावसाळ्यात पाळीवर पालथी, कार्तिकात शिंगाड्यांच्या वेलांत खुंट्याला. आणि ज्याची नाव ट्रकची ट्यूब आहे तो विचारेल, माझी नोंद करायची की नाही?